रिमोटचा ट्रक घेताय? आधी पाना हातात घ्या!

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी एक ट्रक आला. हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा. दहावीच्या निकालानंतर नातवाला मिळालेली बक्षिसाची रक्कम, मामाने दिलेले पैसे आणि आजीच्या डब्यातली थोडी भर, असे करून तो घेतला गेला. "बाबा, एवढ्या पैशांत खेळणं?" असे सूनबाईने विचारले तेव्हा आम्हीही तिच्याच बाजूने मान हलवली होती. आज आमचे मत बदलले आहे. ते का बदलले आणि मध्यंतरी आमच्याच हातून कोणती चूक झाली, हे वाचकांना सांगावेसे वाटते. ज्यांच्या घरी असा हट्ट चालू असेल, त्यांचे चार पैसे तरी वाचतील.

खेळणे वेगळे, छंदाचा ट्रक वेगळा

बाजारात मिळणाऱ्या रिमोटच्या गाडीत सगळा कारभार एकाच छोट्या पट्टीवर असतो. ती जळाली की गाडी माळ्यावर जाते. छंदाच्या ट्रकमध्ये प्रत्येक काम करणारा भाग निराळा असतो. हातातला ट्रान्समीटर संदेश पाठवतो आणि ट्रकमधला रिसीव्हर तो घेतो. सर्व्हो चाके वळवतो. स्पीड कंट्रोलर मोटरला किती वीज द्यायची ते ठरवतो. यांतला जो भाग बिघडेल तेवढाच काढून नवा बसवता येतो. सोबतच्या पुस्तिकेत सुट्या भागांचा नकाशा आणि प्रत्येकाचा क्रमांक असतो. दुरुस्त करता येणे, हाच खरा फरक होय. जास्तीचे पैसे आपण वेगासाठी नव्हे, यासाठी मोजतो.

पहिला ट्रक कोणता?

दोन वाटा आहेत. एक, सुटे भाग आणून स्वतः जोडण्याची. जपानच्या तामिया कंपनीचा १९८७ सालचा 'लंच बॉक्स' हा अशाच जोडणीच्या ट्रकांपैकी एक. अशा संचात ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर हे बहुधा वेगळे घ्यावे लागते, हे हिशेबात धरावे. दुसरी वाट तयार ट्रकची. अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीने २००८ साली आणलेला 'स्लॅश' हा एक-दशांश मापाचा ट्रक त्यातला सर्वपरिचित. जोडणीच्या वाटेने मूल यंत्र आधी शिकते आणि चालवणे नंतर. तयार ट्रक घेतला की उलटे होते.

मोठ्या चाकांचा मॉन्स्टर ट्रक खडबडीत मैदानासाठी चांगला. शॉर्ट कोर्स ट्रक बुटका आणि रुंद असल्याने वळणावर सहसा उलटत नाही. ज्यांना मैदानच नाही त्यांनी क्रॉलर पाहावा. तो संथ चालतो, दगडांवर चढतो आणि त्याला अंगणही पुरते. नवशिक्याने मागच्या दोन चाकांवर चालणारा, साध्या ब्रश मोटरचा ट्रक घ्यावा. त्यात भाग कमी असतात, खर्चही कमी येतो.

घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा. पुढचा आर्म, मोठा स्पर गिअर आणि मागचा ड्राइव्ह शाफ्ट आज तुमच्याकडे आहेत का? खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले. बाहेरून येणारा सुटा भाग त्यामुळे महाग पडतो आणि वेळेवर येईलच असेही नाही.

बॅटरीशी खेळ नको

निकेलची बॅटरी सोशिक असते. लिथियम पॉलिमर म्हणजे लायपो बॅटरी हलकी आणि जोरकस, पण तिला शिस्त लागते. तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. बरेच दिवस वापरायची नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावी. तिच्यासाठी बॅलन्स चार्जरच हवा. चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नये. स्वयंपाकघरात किंवा गादीवर चार्जिंग करू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग ट्रान्समीटर. हा क्रम चुकला तर ट्रक बेताल धावू शकतो. दोन-अडीच किलोचे धूड ताशी ४० किलोमीटरने कुणाच्या पायावर आले तर हाड मोडेल. म्हणून रस्त्यावर आणि लहान मुलांत तो चालवू नये. अनेक स्पीड कंट्रोलरमध्ये निम्म्या ताकदीची शिकाऊ सोय असते. पहिले काही दिवस तीच वापरावी.

आमची चूक

पहिल्याच आठवड्यात ट्रक कॉलनीच्या मैदानाच्या कठड्यावर आदळला आणि पुढचा प्लास्टिकचा आर्म मोडला. आमची सारी हयात वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेली. "प्लास्टिक ते प्लास्टिकच!" असे म्हणून आम्ही ॲल्युमिनियमचे दोन्ही आर्म मागवले. नातू साधाच घेऊ म्हणत होता, पण आमच्यापुढे त्याचे चालले नाही. चकाकणारे आर्म बसवताना आम्हाला केवढा अभिमान वाटला!

तिसऱ्या दिवशी तोच कठडा आडवा आला. आर्म शाबूत राहिला. मात्र तो ज्या पुढच्या सांगाड्यावर बसतो तो तडकला आणि आतली पिनही वाकली. नातू खाली बसून पाहत राहिला. मग म्हणाला, "आबा, तुमचा आर्म मोडला नाही, पण बाकीचं सगळं मोडलं."

आम्ही खजील झालो. वर्कशॉपमध्ये आम्हीच शिअर पिन बसवत होतो. धक्का बसला की ती स्वस्तातली पिन तुटते आणि महागडे यंत्र वाचते. प्लास्टिकचा आर्म नेमके तेच करत होता. तो वाकून धक्का पचवी, नाही पचला तर स्वतः मोडे. आता आम्ही लवचिक नायलॉनचे आर्म बसवले आहेत. अमेरिकेतील आरपीएम कंपनी अशाच भागांसाठी ओळखली जाते.

सुधारणांचा क्रम

यावरून आम्ही एक नियम केला. आकर्षक दिसेल ते नव्हे, जे मोडेल किंवा झिजेल तेच बदलायचे. ट्रकमध्ये बुश असतील तर सर्वांत आधी बॉल बेअरिंग घालावे. घर्षण कमी होते, मोटर थंड राहते. मग सर्व्हो कुरकुरू लागला की धातूच्या गिअरचा घ्यावा. त्यानंतर आर्म, मग मैदानाला साजेसे टायर. ब्रशलेस मोटर अगदी शेवटी, कारण वेग वाढला की प्रत्येक धक्का वाढतो.

पिनियनचे दात वाढवले तर वेग वाढतो, पण मोटर तापते. फेरीनंतर मोटरवर बोट तीन सेकंद टिकत नसेल तर लहान पिनियन घालावे. दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी धरून मोटर आवळावी आणि पट्टी काढून घ्यावी. मधली फट बरोबर बसते. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा एक थेंब लावावा, प्लास्टिकला लावू नये. सुरुवातीला २ आणि २.५ मिलिमीटरची चांगली ॲलन की आणि चाकासाठी ७ मिलिमीटरचा पाना जवळ असला की बरेचसे काम भागते.

आज नातू काय मोडले, का मोडले, किती खर्च आला हे वहीत लिहितो. सातवीतली नात कागदाची पट्टी लावून गिअर बसवते, आणि तिचे काम भावापेक्षा नेटके असते. परवा सूनबाईच्या मिक्सरचा आवाज बदलला. नात म्हणाली, "आई, याचा बुश गेला असेल." उघडून पाहिले तर खरेच बुश झिजला होता. त्या दिवसापासून घरात पैशांचा विषय कुणी काढलेला नाही.

तेव्हा पालकांनो, ट्रक घ्यायचा तर जरूर घ्या. मात्र त्याच दिवशी पानेही घ्या आणि पहिला स्क्रू मुलांनाच उघडू द्या.