संस्था चालवताना (लेखांक ६) : अध्यक्षांनी फोन कुणाला करावा?

गेल्या लेखांकात विश्वस्त मंडळाची सभा कशी घ्यावी ते पाहिलं. सभा संपली की विश्वस्त घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडतो तो पगारी कार्यकारी संचालक. त्याचं अध्यक्षांशी कसं जमतं, हा आजचा विषय.

मीरा-भाईंदरकरांनी याचा एक नमुना जवळून पाहिलेला आहे. २००२मध्ये आपली महानगरपालिका झाली तेव्हापासून सभागृहाच्या अध्यक्षस्थानी महापौर बसतात, पण कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. ऑगस्ट २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. बऱ्याच छोट्या संस्थांत हीच अवस्था कायमची असते. विश्वस्त वर्षातून एकदा ताळेबंदावर सह्या करायला येतात, बाकी सगळं संचालक पाहतो. काम भराभर होतं, हे खरं. पण विचारणारं कुणी उरत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आयुक्तांना राज्य सरकार नेमतं, संस्थेच्या संचालकाला मंडळ नेमतं. त्यामुळे तो उत्तरदायी असतो तो मंडळाला, एकट्या अध्यक्षांना नव्हे. सभेत ठराव न होता अध्यक्षांनी परस्पर दिलेला आदेश ही फार तर सूचना. हे पचवणं आपल्याकडे जड जातं, कारण मराठी संस्थांची घडण बिनपगारी कार्यवाह आणि खजिनदारांच्या कष्टांवर झाली. १८८४च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत तर शिकवणारे आजीव सदस्यच कारभारही पाहत. त्यांनी मोबदला किती घ्यावा, बाहेरची कामं करावीत का, यावरून वाद विकोपाला गेला आणि १८९०मध्ये टिळक बाहेर पडले. २०१३च्या कंपनी कायद्यानंतर सीएसआरचा पैसा येऊ लागला, अहवाल आणि मुदती वाढल्या, तसा पगारी संचालक छोट्या संस्थांनाही लागू लागला. जुन्या अध्यक्षांना तो अजूनही कारकून वाटतो.

अध्यक्षांच्या बाजूनेही पाहू. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेबाची जबाबदारी विश्वस्तांवर असते. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. संचालक सोडून गेला तर सहसा असं काही करावं लागत नाही. चूक संचालकाची असली तरी नोटीस विश्वस्तांच्या नावाने येते. मग अध्यक्ष प्रत्येक चेक अडवून धरतात, यात नवल काय?

यावर उपाय कागदावरचाच आहे. किती रकमेपर्यंत संचालकाने स्वतः खर्च करावा, नेमणुका कुणी कराव्यात, देणगीदाराशी करारावर सही कुणाची, हे ठरावाने ठरवून प्रोसिडिंग बुकात लिहून घ्यावं. १९८२ साली स्थापन झालेल्या आणि उत्तनला संकुल असलेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीतही अध्यक्ष आणि महासंचालक ही पदं वेगळी आहेत. पदं वेगळी असली म्हणजे कामाची वाटणी झाली असं नव्हे. ती लिहावीच लागते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते फोनमुळे. अध्यक्ष थेट अकाउंटंटला फोन करतात, समन्वयक ताई रजेसाठी परस्पर अध्यक्षांकडे जातात आणि महिन्याभरात संचालकाचं कुणी ऐकेनासं होतं. अध्यक्षांनी संचालकालाच फोन करावा. माहिती हवी असेल तर ती मागावी, हुकूम मात्र त्याला वगळून देऊ नये. संचालकानेही अनुदान रखडल्याची बातमी सभेपर्यंत दाबून ठेवू नये. अध्यक्षांना ती बाहेरून कळली की पुढचे सगळे चेक अडलेच म्हणून समजा.

पुढच्या आठवड्यात चेंज रिपोर्ट कसा भरायचा ते पाहू. तोवर आपल्या संस्थेचं प्रोसिडिंग बुक उघडा आणि संचालकाच्या अधिकारांचा ठराव त्यात आहे का, ते तपासून ठेवा.