जुना संगणक, नवी प्रणाली

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. त्यामुळे कोणाचा संगणक बंद पडला नाही. सुरक्षेतील नव्या उणिवा दुरुस्त होणे मात्र थांबले. नोंदणी करणाऱ्यांस तेवढी आणखी काही मुदत मिळाली. अशा वेळी पुष्कळ गृहस्थ जुन्या यंत्रावर घाईने खर्च करतात आणि तेथेच गल्लत होते. मंदपणा व असुरक्षितता हे दोन निरनिराळे दोष होत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, रॅम ४ जीबीची ८ केली, की मंदपणा बहुतांशी जातो. परंतु तेवढ्याने ‘विंडोज ११’ला ते यंत्र चालत नाही. त्यास ‘टीपीएम २.०’ हा सुरक्षा-घटक आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. तो इंटेलचा असल्यास सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा. लॅपटॉपमधील प्रोसेसर तर बहुधा बदलताच येत नाही. म्हणून प्रथम प्रोसेसर पाहावा, मग खिशात हात घालावा. तो यादीत नसेल आणि काम लेखन-वाचनापुरतेच असेल, तर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली पुरेशी होय. एखादे आवश्यक काम विंडोजवाचून अडत असेल, तर मात्र नवे यंत्र घेणे ही उधळपट्टी नव्हे. कोणताही मार्ग पत्करला, तरी कागदपत्रांची व छायाचित्रांची दुसरी प्रत आधी अन्यत्र उतरवून ठेवावी. यंत्र पुन्हा विकत मिळते, ती मिळत नाहीत.