रात्रीतून बॅटरी कोण खाते?

पहाटेचे तीन वाजले होते. फडात दोन ट्रॉल्या उसाने भरून तयार होत्या आणि त्या घेऊन उजाडायच्या आत कारखान्याच्या रांगेत लागायचे होते. ट्रॅक्टरला किल्ली लावली, तर सेल्फ नुसता ‘टक्’ म्हणाला आणि गप्प बसला. पुन्हा किल्ली फिरवली, तर तेही नाही. शेवटी शेजारच्यांना झोपेतून उठवून त्यांच्या ट्रॅक्टरने आमचा ओढून चालू केला. तोवर सहा वाजले, नंबर मागे गेला आणि तोडलेला ऊस दिवसभर उन्हात वाळत उभा राहिला. वाळलेल्या उसाचे वजन घटते. ते नुकसान कुणाकडे मागायचे?

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या घरी हे तीनदा झाले. पहिल्या वेळी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने बॅटरीकडे एकदा पाहिले आणि “संपली, नवीन घ्या” म्हणाला. आम्हीही घेतली. जुनी त्याला बदलीत दिली, वर रोख रक्कम मोजली. आठ दिवसांनी नवी बॅटरीही तशीच पडली! जुनी बॅटरी बहुधा धडधाकट होती, हे आता कळते. पण ती परत कुठून आणायची?

गावात एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक तात्या आहेत. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला. “रोज चालवता तेव्हा बंद पडते, की उभा राहिल्यावर?” आम्ही आठवून पाहिले. रोज चालवला की काही तक्रार नव्हती. शनिवारी संध्याकाळी उभा केला आणि मंगळवारी पहाटे गेलो, की हमखास बंद. तात्या म्हणाले, “मग बॅटरीत दोष नाही. कोणीतरी रात्रीचं गुपचूप खातंय.”

तात्यांनी चोर कसा पकडला ते सविस्तर सांगतो, कारण हे काम घरचा कोणीही सावध माणूस करू शकतो. लागते काय, तर एक पाना, बारा व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी आणि शक्य असल्यास एक मीटर. साधे मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळते.

प्रथम दमलेली बॅटरी चार्ज करून घेतली. भरलेली बॅटरी चार-सहा तास स्वस्थ ठेवल्यावर मीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी, आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ संपलीच. मग इंजिन चालू करून पाहिले. काटा चौदाच्या आसपास गेला, म्हणजे अल्टरनेटर भरण्याचे काम नीट करीत होता. तो वर चढला नसता, तर आधी पट्टा आणि अल्टरनेटर तपासावा लागला असता.

मग इंजिन बंद केले, किल्ली काढून खिशात घातली आणि बॅटरीची फक्त मायनसची क्लिप सोडली. सोडताना नेहमी मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडीही नको. सोडलेली क्लिप आणि बॅटरीचे मायनस टोक यांच्या मधे तात्यांनी बल्ब जोडला. सगळे बंद असताना बल्ब पेटायला नको. आमचा पेटला! भगभगीत नाही, पण चांगला दिसेल इतका.

बल्बाच्या जागी मीटर लावले, दहा अँपिअरच्या छिद्रात लाल वायर घालून. आकडा आला १.४. एवढ्याशा आकड्याचे काय, असे मला वाटले. तात्यांनी हिशोब मांडला. शनिवारी संध्याकाळी सहापासून मंगळवारी पहाटे तीनपर्यंत सत्तावन्न तास. सत्तावन्न गुणिले १.४ म्हणजे ऐंशी. आमची बॅटरी अठ्ठ्याऐंशी अँपिअर-तासांची. राहिले काय? (मीटर असे जोडलेले असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. मीटर जळून जाईल.)

आता एकेक फ्यूज काढायचा आणि आकड्याकडे पाहायचे. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या वायरीवर चोर. आम्ही सगळे फ्यूज काढले, तरी १.४ जागचा हलेना. क्लिप पूर्ण सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढली, टेप गुंडाळून बाजूला धरली आणि पुन्हा मोजले. तरी तेच. मग चोर फ्यूजपेटीच्या बाहेरून येतो, हे उघड झाले.

एवढ्यात चहा घेऊन आई आली. म्हणाली, “ते मांजर रोज पहाटे सीटखालीच का जाऊन बसतंय, बघ की.” तिथे आमच्या धाकट्याने हंगामाच्या सुरुवातीला बसवून घेतलेला गाण्यांचा अँप्लिफायर होता. हात लावला, तर पेटी कोमट! ट्रॅक्टर तर दोन दिवस उभा होता.

बसवणाऱ्याने त्याची लाल वायर थेट बॅटरीच्या प्लस क्लिपला पिळली होती आणि त्याला जागे करणारी बारीक वायरही त्याच लालीला जोडली होती. गाणी बंद केली तरी अँप्लिफायर रात्रंदिवस जागाच राही. वायर काढली, मीटर शून्यावर आले. सीटखाली त्या वायरीचे वेष्टन पत्र्याला घासून निम्मे गेले होते, हे पाहून मात्र घाम फुटला. मधे फ्यूज नव्हता. भोवती पाचट, पोटात डिझेल! बॅटरी उतरण्याचे दुःख त्यापुढे काहीच नाही.

आता बारीक वायर किल्लीवर घेतली आहे आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर लाल वायरीत फ्यूज बसवला आहे. बॅटरीच्या माथ्यावरची मातकट ओल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने बुचे घट्ट लावून पुसून घेतली. तीही थोडी वीज खाते.

नव्या मोटारींची गोष्ट थोडी वेगळी. त्यांत संगणक असतो. दारे लावून अर्धा तास थांबल्यावरच मोजावे, आणि पन्नास मिलिअँपिअरपर्यंत आकडा आला तरी घाबरू नये. जुन्या ट्रॅक्टरला मात्र जवळजवळ शून्यच हवे.

त्या हंगामात पुढे ट्रॅक्टर सलग चार दिवसही उभा राहिला आणि पाचव्या पहाटे पहिल्या किल्लीला चालू झाला. मांजर हल्ली चुलीच्या वैलाशी असते.