प्रवाळांची टाकी बदलताना आपण नेमकं काय हलवतो?

प्रवाळांवर काम करायचं ठरवलं की कधी ना कधी ही वेळ येतेच. जुनी टाकी लहान पडते, मोठी येते आणि सगळं बिऱ्हाड एका दिवसात हलवायचं असतं. भारतात दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. त्यामुळे परवानगीने मिळालेला तुकडा मेला तर बाजारातून दुसरा आणता येत नाही. म्हणून हे काम समजून करायला हवं.

बहुतेक जण आधी विचारतात, जुनं पाणी किती न्यायचं? खरं तर विचारायला हवं, खडक ओले कसे ठेवायचे?

गाळणी पाण्यात नसते

मासे आणि इतर प्राणी अमोनिया बाहेर टाकतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू मुख्यतः खडकाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर चिकटून राहतात. पाण्यात त्यांचं प्रमाण अगदी कमी असतं. म्हणजे टाकीची खरी गाळणी खडकात आहे.

शिवाय ते फार सावकाश वाढतात. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, अनेकदा दिवसाहून जास्त लागतो. खडक वाळला तर मार दुहेरी बसतो. जिवाणू कमी होतात आणि खडकातले मेलेले स्पंज, किडे सडून अमोनिया वाढवतात.

समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो, म्हणून इथे अमोनिया जास्त घातक. तो दोन रूपांत असतो: अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. खरा विषारी दुसरा. या टप्प्यात पीएच एकने वाढला की मुक्त अमोनिया साधारण दहापट होतो. गोड्या पाण्यातल्या टाकीत खपून जाणारा आकडा इथे मासे मारू शकतो.

मोठ्या टाकीला नव्याने सायकल लागते का?

हिशोब करून बघा. 90×45×45 सेंमी टाकीत सुमारे 182 लिटर पाणी मावतं, 120×60×60 मध्ये 432 लिटर. पाणी दुपटीहून जास्त झालं, पण मासे तेवढेच आणि खाद्यही तेवढंच. म्हणजे रोजचा अमोनियाही तेवढाच. जिवाणूंची संख्या अन्नावर ठरते, लिटरवर नाही. तेच खडक ओले आणि जिवंत गेले तर नवी सायकल लागत नाही. पण जागा झाली म्हणून त्याच आठवड्यात नवे मासे सोडले तर हा हिशोब कोसळतो.

जुनी वाळू मात्र जशीच्या तशी नेऊ नका. खालच्या थरात ऑक्सिजन नसतो, तिथे घाण आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तोच. नवी वाळू घ्या आणि वरच्या थरातली एक-दोन वाट्या जुनी वाळू त्यात मिसळा.

दिवसाचा क्रम

1. आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात मीठ विरघळवा. 250 लिटरला साधारण 9 किलो लागतं. पंप आणि हीटर लावून रात्रभर फिरू द्या. तापमान आणि खारेपणा जुन्या टाकीशी जुळवा. पुस्तकात 35 असेल, पण तुमच्या टाकीत 33 असेल तर नवं पाणीही 33 चंच हवं.
2. स्टँड आणि फरशी तपासा. 432 लिटर खारं पाणीच जवळपास 440 किलो भरतं. काच आणि खडक वेगळे.
3. वरचं स्वच्छ पाणी टबांत काढा. आधी प्रवाळ, मग खडक, शेवटी मासे. खडक निघाले की मासे पकडणं सोपं जातं. प्रत्येक टबात पंप आणि हीटर हवा.
4. नव्या टाकीत खडक थेट तळावर ठेवा, वाळू नंतर. नाहीतर बिळं करणारे प्राणी खालची वाळू उकरतात आणि खडक घसरतो.
5. दिव्याची तीव्रता कमी ठेवून हळूहळू वाढवा. एकदम जास्त प्रकाश मिळाला तर प्रवाळ त्यांच्यातलं सहजीवी शैवाल गमावून पांढरे पडू शकतात.

हातमोजे आणि चष्मा घालाच. काही झोअँथिड्समध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असतं. 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून ते वेगळं केलं गेलं. असा खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विष श्वासात जाऊ शकतं.

तुमच्या डेटाचं काय?

टाकी बदलणं हा स्वतःच एक प्रयोग आहे, तोही सगळ्या नमुन्यांवर एकाच वेळी केलेला. आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे अमोनिया, तापमान, खारेपणा, अल्कलिनिटी रोज नोंदवा. प्रवाळांच्या जागी प्रकाश मोजा. वाढीच्या आलेखात बदलाच्या तारखेला उभी रेघ मारा. दोन्ही बाजूंचे बिंदू एकाच सरळ रेषेत बसवू नका.

यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. समजा तुमच्याकडे चार लहान टाक्या आहेत, दोन गरम आणि दोन नियंत्रण. मोठ्या दोन आल्या की एकीत सगळे गरम आणि दुसरीत सगळे नियंत्रण तुकडे ठेवायचा मोह होतो. पण एका टाकीतल्या वीस तुकड्यांना पाणी, पंप आणि दिवा एकच असतो. तापमानाच्या प्रयोगासाठी ते वीस नमुने नाहीत, एक आहे. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये यालाच छद्म-पुनरावृत्ती म्हटलं. आधीच कमी असलेली दोनची संख्या तुम्ही एकवर आणता, आणि नंतर कुठलीही सांख्यिकी ती परत देत नाही.

म्हणून मोठी टाकी साठ्यासाठी वापरा, प्रयोग लहान टाक्यांतच चालू द्या. गाईडनी सगळं एकत्र करायला सांगितलं, तर हलवण्याआधीच हा मुद्दा त्यांच्यासमोर मांडा.