चार नकाशांच्या सांध्यावर

७३ अंश पूर्व रेखावृत्त कळवा आणि मुंब्रा या दोन स्टेशनांच्या मधून जातं. १९ अंश १५ मिनिटांचं अक्षवृत्त कल्याण स्टेशनच्या थोडं उत्तरेला पडतं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चेपून उभ्या असलेल्यांना याचं काही देणंघेणं नसतं. पण भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नेमके याच रेषांवर कापलेले आहेत. प्रत्येक पत्रक १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचं. म्हणून जुन्या क्रमांकांनुसार ठाणे स्टेशन ४७ ए/१६ वर, घोडबंदर रस्त्याचं उत्तरेकडचं टोक ४७ ए/१५ वर, डोंबिवली आणि कल्याण स्टेशन ४७ ई/४ वर, भिवंडी ४७ ई/३ वर. आपला परिसर सलग बघायचा तर चार पत्रकं टेबलावर जोडून मांडावी लागतात.

डोंबिवलीच्या बाजूच्या एका महाविद्यालयात ग्रंथालय समितीवर मी भूगोलाचा प्रतिनिधी म्हणून बसतो. ही चार पत्रकं आमच्याकडे नव्हती. टीवायच्या प्रात्यक्षिकाला मुलं कुठल्या तरी लांबच्या डोंगराळ मुलखाच्या पत्रकाची झेरॉक्स वाचत. समोच्च रेषांवरून खिंड अचूक ओळखत, पण रोज जिच्या पोटातल्या बोगद्यातून गाडी जाते ती पारसिकची टेकडी नकाशावर कशी दिसते ते कुणी पाहिलेलं नसे. भूगोल आणि पर्यावरणाचा संग्रह नीट उभा करायचं ठरलं, तेव्हा यादीत सर्वांत वर मी ही पत्रकं लिहिली. ग्रंथपाल मॅडमनी यादी वाचली आणि विचारलं, “सर, याचं बिल केवढं होणार? आणि ठेवायचं कुठे?”

पहिला प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. नकाशे स्वस्त असतात, आणि स्वस्त वस्तूची ग्रंथालयात पंचाईत होते. अनुदान मार्चअखेर संपवायचं असतं. नॅकच्या अहवालात ग्रंथखरेदीवर किती खर्च झाला याचा रकाना असतो. काय मिळवलं हे तिथे मावत नाही. विक्रेता गाडीभर पुस्तकं घेऊन येतो, सवलत देतो, परदेशी पुस्तकाचं डॉलरचं गणित मांडून देतो, एका बिलात काम संपतं. चार पत्रकांसाठी स्वतंत्र पत्रव्यवहार कोण करणार?

खरं तर पर्यावरणाची पुस्तकं आमच्याकडे कमी नव्हतीच, रॅक वाकले होते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, डॉ. एरॅच भरुचा यांच्याकडून पाठ्यपुस्तक लिहून घेतलं. ते पुस्तक चांगलं आहे, आजही वाचावं असं. त्याच्या मागोमाग जी गाइडं आली त्यांच्याबद्दल असं म्हणवत नाही. तेच परिसंस्थेचे त्रिकोण, तेच चिपको, तेच भोपाळ. एकाच गाइडाच्या आमच्याकडे तीसतीस प्रती, आणि उल्हास नदी शोधायला जावं तर पानामागून पान कोरडं. अभ्यासक्रम बदलला की ही सगळी चळत निर्लेखनाच्या यादीत जाते आणि नव्या गाइडांची मागणी त्याच दिवशी लिहिली जाते. मी प्रतींची संख्या पाचावर आणायचा आग्रह धरला. मॅडमनी दहावर तडजोड केली. परीक्षेच्या आठवड्यात काउंटरवर त्या असतात, मी नसतो.

पुस्तकं कोणती घ्यायची यापेक्षा ती कुठे लावायची हा खटाटोप मला जास्त रंजक वाटला. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात भूगोल ९१० ला, भूरूपं ५५१ ला, परिसंस्था ५७७ ला, नैसर्गिक संसाधनं ३३३.७ ला, प्रदूषण ३६३.७ ला, सांडपाण्याची यंत्रणा ६२८ ला. आता वालधुनी घ्या. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम, उल्हासनगरातून वाहत कल्याणजवळ उल्हासला मिळते. तिचं खोरं एका रॅकवर, तिच्यातली रसायनं दुसऱ्या, काठच्या वस्त्यांचं सांडपाणी तिसऱ्या, आणि तिच्याच काठावरचं १०६० सालचं शिवमंदिर ७२६ ला, वास्तुकलेत. नदी एक, पण तिच्यासाठी अख्खं ग्रंथालय पालथं घालावं लागतं. मॅडमनी यावर साधा तोडगा काढला. वर्गांक बदलले नाहीत; कोहा प्रणालीतल्या प्रत्येक नोंदीत नदीचं, खाडीचं, गावाचं नाव विषय म्हणून घातलं. हे काम कुणी पाहत नाही. पुस्तक उघडून, अनुक्रमणिका चाळून, आपल्या मुलखाचा उल्लेख आहे का हे बघत बसावं लागतं. एका दुपारी जेमतेम एक खण होतो.

नाव घालायचं म्हटल्यावर नवाच घोळ निघाला. ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे कोणता? कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड १८८२ चा. त्यातल्या ठाण्यात साष्टी आहे, म्हणजे वांद्रे-कुर्लाही आहे. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० मध्ये. २०११ च्या जनगणनेतलं ठाणे १ कोटी १० लाखांवर लोकसंख्येचं, देशातला सर्वांत मोठा जिल्हा. पण त्यात जव्हार, मोखाडा, वसई धरलेले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. म्हणजे तीन पुस्तकांत तीन ठाणे. मुलं हे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडतात आणि खाली वाढीचा दर काढतात. म्हणून आता नोंदीत जिल्ह्याच्या नावापुढे हद्दीचं वर्षही लिहिलेलं असतं. कल्याण-डोंबिवलीची गत निराळी नाही: १९८३ च्या महापालिकेतून २००२ मध्ये २७ गावं बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली.

या संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग कुठल्याही विक्रेत्याच्या गाडीत नसतो. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. हवा, आवाज, तलाव, कचरा, झाडं, सगळ्यांचे आकडे त्यात. हे अहवाल ओळीने पंधरा वर्षांचे लावले की एक शहर दिसू लागतं. एकेकटा अहवाल मात्र रंगीत छायाचित्रांची चोपडी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. भाषांतर कधीकधी दातांखाली खडा यावा तसं असतं, पण एखाद्या कारखान्याला रोज किती पाणी लागणार हे मराठीत छापलेलं दुसरीकडे कुठे मिळतं? सुनावणी झाली की ते कागद रद्दीत जातात. जलसंपदा विभागाच्या पूररेषा, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. किनारा व्यवस्थापन आराखड्याची १:४,००० ची पत्रकं. ठाणे खाडीचं रामसर माहितीपत्रक. हे शेवटचं मुद्दाम ठेवलं आहे, कारण २०१५ चं फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरचं आणि २०२२ चं रामसर क्षेत्र ६,५२१ हेक्टरचं; दोन्ही एकच समजून कितीतरी प्रकल्प लिहिले जातात.

हे मिळवायचं कसं? अर्ज करून, ओळखीने, माजी विद्यार्थ्यांना गाठून. एका कार्यालयात मला सांगितलं, प्रत शिल्लक नाही. त्याच कार्यालयाच्या जिन्याखाली गठ्ठा होता. शिपाईदादांनी धूळ झटकून तीन वर्षांच्या प्रती दिल्या, वर चहा पाजला. त्या प्रती दाखल नोंदवहीत चढवताना किमतीच्या रकान्यात मॅडमनी ‘भेट’ लिहिलं. लेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं: किंमत नाही तर हरवल्यावर वसूल काय करणार?

ठेवायचं कुठे, हा दुसरा प्रश्न सुताराने सोडवला. नकाशा गुंडाळला की पुन्हा सपाट बसत नाही, आणि घडी घातली की आधी घडीवरच फाटतो. उथळ, रुंद खणांचं कपाट करून घेतलं. लॅमिनेशन करायला मी ठाम नकार दिला. आमच्याकडचा पावसाळा दमट. प्लॅस्टिकच्या आत एकदा कागद पिवळा पडला की सोडवता येत नाही. पॉलिएस्टरच्या मोकळ्या पाकिटांत ठेवलं, खणात सिलिका जेलच्या पुड्या. कसर मात्र अहवालांना लागतेच. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला परिचर खण उघडून बघतात.

आता चारही पत्रकं आहेत. पहिल्यांदा ती जोडली तेव्हा टीवायची मुलं टेबलाभोवती उभी राहिली आणि प्रत्येकाने आधी आपलं घर शोधलं. बहुतेकांना सापडलं नाही. सर्वेक्षण जुनं, तिथे भातशेतीची खूण. एक मुलगी खाडीकाठच्या दलदलीच्या चिन्हांवर बोट ठेवून बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “सर, आमची बिल्डिंग इथे आहे. दरवर्षी तळमजल्यात पाणी येतं.” त्या पत्रकाशेजारी पूररेषेचं पत्रक ठेवलं. तिच्या प्रकल्पाला तेवढं पुरलं. तो प्रकल्पही बांधून, दाखलक्रमांक देऊन त्याच रॅकवर लावला आहे. मागच्या वर्षी दुसऱ्याने तो वाचायला मागितला.

अहवाल घरी द्यायचे की नाही, यावर मात्र मॅडमचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. त्या म्हणतात, एकच प्रत आहे, इथेच बसून वाचावी. मी म्हणतो, जो मुलगा साडेअकराला लेक्चर संपवून साडेबाराला कामावर जातो तो इथे बसणार कधी? त्या म्हणतात, स्कॅन करू. स्कॅनरची मागणी तीन कोटेशनांसह लेखा विभागात आहे.