घरच्या रंगांतला भोपळा

सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयता न्यू जर्सीमध्ये लेकीच्या घरी होतो. दिवाळीचा फराळ आणि आकाशकंदिलाचे सामान आम्ही इथूनच नेले होते. पण तेथे पोहोचताच ध्यानात आले की, सारी वसाहत एका वेगळ्याच सणाची तयारी करीत आहे. अंगणोअंगणी भोपळे मांडले होते, झाडांना पांढरी भुते लटकत होती. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन जवळ आला होता. योगायोग असा की, पंचांगातील तिथी तेथील स्थानिक वेळेनुसार पाहता लक्ष्मीपूजनही त्याच संध्याकाळी येत होते.

आठ वर्षांच्या नातीने मला दुकानात नेले. हवा भरून उभे राहणारे एक उंच भूत तिला हवे होते. त्याची किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. बँकेच्या काउंटरमागे उभी हयात घालवलेल्या माणसाचे मन अशा वेळी आपसूक आकडेमोड करू लागते. लेक म्हणाली, "बाबा, एका रात्रीसाठी एवढा खर्च मला पटत नाही. चाळीस डॉलरमध्ये तुम्ही दोघे काय करता ते करा." आजोबा आणि नात यांच्यापुढे असे हे अंदाजपत्रक आले.

परंतु खरा प्रश्न पैशांचा नव्हताच. नातीला भुईमुगाच्या शेंगांची तीव्र ॲलर्जी आहे. आदल्या वर्षी तिने दारोदार फिरून पिशवीभर खाऊ गोळा केला आणि घरी आल्यावर त्यातील बहुतेक सारा तिच्या हातून काढून घ्यावा लागला. लहान आकाराच्या चॉकलेटांच्या वेष्टनावर घटकांची यादी अनेकदा नसते. त्यामुळे धोका पत्करता येत नाही. "यंदा मी जाणारच नाही," असे ती हळूच म्हणाली, तेव्हा दीडशे डॉलरचे भूत मला फारच क्षुल्लक वाटले.

सलगमापासून भोपळ्यापर्यंत

या सणाचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंडमधील सॅव्हिन नावाच्या प्राचीन केल्टिक सणाशी जोडले जाते. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या त्या संधिकाली मृतात्मे पृथ्वीवर येतात, अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची पूर्वसंध्या ती हॅलोविन. आयर्लंडमधील लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला व असंख्य कुटुंबे अमेरिकेत आली. तेथे त्यांना मोठा, मऊ आणि कोरण्यास सोपा भोपळा मिळाला आणि सलगमाची जागा त्याने घेतली. म्हणजे हा सण मुळात हाताशी असलेल्या वस्तूंतूनच उभा राहिला आहे. विकतची भुते नंतर आली.

कोरण्याऐवजी रंगवावा

कोरलेला भोपळा चार-आठ दिवसांत सडू लागतो. न कापता रंगवलेला भोपळा थंड हवेत कित्येक आठवडे टिकतो, शिवाय मुलांच्या हाती सुरी द्यावी लागत नाही. कृती अगदी सोपी आहे. देठ शाबूत असलेला, कोठेही मऊ न पडलेला भोपळा निवडावा. तो ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. प्रथम पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात द्यावा. त्यामुळे खालचा नारिंगी रंग झाकला जातो आणि वरचे रंग उठून दिसतात. हा थर वाळल्यावर हव्या त्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड थर दिल्यास तो ओघळतो आणि पुढे सोलून निघतो. डोळे, दात, कोळ्याची जाळी ही नक्षी सर्वांत शेवटी काढावी. असा भोपळा मात्र पुढे भाजीसाठी वापरू नये, की जनावरांपुढे टाकू नये.

खिडकीवरील चित्रांसाठी टेम्परा हा पाण्यात विरघळणारा रंग घ्यावा व त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे काही थेंब मिसळावेत. मग सण सरल्यावर काच ओल्या फडक्याने सहज स्वच्छ होते. चित्र काचेच्या आतल्या बाजूने काढल्यास ते पावसाने धुतले जात नाही. मात्र त्यासाठी क्रम उलटा ठेवावा लागतो. म्हणजे आधी वटवाघळाचे डोळे, नंतर त्याचे अंग आणि अखेरीस मागचे आकाश! हे गणित नातीला माझ्याआधी उमगले.

लोणच्या-मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांवर आम्ही पांढरा व नारिंगी रंग दिला, त्यावर काळ्या रंगाने चेहरे काढले आणि आत बॅटरीवर चालणारे छोटे दिवे ठेवले. खोक्यांच्या पुठ्ठ्यातून थडगी कापली. त्यांवर आधी करडा रंग देऊन, मग भांडी घासण्याच्या स्पंजच्या तुकड्याने काळ्या-पांढऱ्या रंगाचे ठिपके मारले की हुबेहूब दगड दिसतो. हेच काम थर्माकोलवर करावयाचे झाल्यास फवाऱ्याचा रंग टाळावा, कारण त्यातील द्रावक थर्माकोल विरघळवतो. पाण्यात मिसळणारा रंगच वापरावा.

सावधगिरीचे दोन शब्द

तळघरात पडलेले रंगाचे जुने डबे फुकट मिळतात म्हणून मुलांच्या हाती देऊ नयेत. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली आणि २००९ पासून ही मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी कडक झाली. आपल्या देशात हीच मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या डब्याविषयी खात्री देता येत नाही. दुसरी गोष्ट मेणबत्तीची. त्या वर्षी न्यू जर्सीत ऑक्टोबरभर पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता आणि दारोदारी वाळक्या पानांचे ढीग होते. पुठ्ठा, मक्याची सुकी ताटे आणि मुलांचे झिरझिरीत पोशाख यांच्याजवळ उघडी ज्योत ठेवण्यापेक्षा बॅटरीचा दिवा केव्हाही बरा.

मोरपंखी भोपळा

आता नातीच्या प्रश्नाकडे वळतो. २०१२ साली टेनेसी राज्याच्या पूर्व भागातील अन्न-ॲलर्जीग्रस्त कुटुंबांच्या एका स्थानिक संघटनेतून एक साधी कल्पना पुढे आली. निळसर हिरव्या, म्हणजे आपल्या मोरपंखी छटेने रंगवलेला भोपळा दारात ठेवावयाचा. 'या घरी खाऊखेरीज अन्य भेटवस्तूही मिळेल' असा त्याचा अर्थ. २०१४ मध्ये 'फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन' या संस्थेने 'टील पम्पकिन प्रोजेक्ट' या नावाने ती देशभर नेली. एक भोपळा, थोडासा रंग आणि काही पेन्सिली यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

आम्ही दोन भोपळ्यांपैकी मोठा मोरपंखी रंगवला. नातीने त्यावर पांढऱ्या रंगाने ठिपक्यांची रांगोळी काढली. शेजारच्या दोन कुटुंबांनी चौकशी केली आणि त्यांच्याही पायरीवर तसे भोपळे आले.

त्या संध्याकाळी घरात लक्ष्मीपूजन झाले. दारी आकाशकंदील, त्याखाली रंगीत बरण्या आणि पायरीवर मोरपंखी भोपळा. मुले येत होती. नात पेन्सिली, चिकटचित्रे आणि छोटे चेंडू वाटत होती. राक्षसाच्या वेषातील एक लहानगा खाऊच्या परडीकडे पाहून मागे सरला. त्याच्या आईने भोपळ्याकडे बोट दाखवले. त्याने चेंडू घेतला आणि विचारले, "तुलाही चालत नाही?" नातीने मान हलवली. थोड्या वेळाने तीही पिशवी घेऊन आईसोबत बाहेर पडली.

रात्री हिशेब मांडला. भोपळे ९ डॉलर, रंग व कुंचले ११, दिवे ५, भेटवस्तू १२, एकूण ३७. शिल्लक ३ डॉलर. तेव्हा मी तिला १९५० सालची गोष्ट सांगितली. फिलाडेल्फियातील एका धर्मोपदेशक दांपत्याच्या मुलांनी हॅलोविनच्या रात्री दुधाची रिकामी खोकी सजवून त्यांत खाऊऐवजी जगातील गरजू बालकांसाठी नाणी गोळा केली. जमले अवघे १७ डॉलर. ते युनिसेफला पाठवले गेले. त्यातून उभ्या राहिलेल्या उपक्रमाने पुढे कोट्यवधी डॉलर जमवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दुधाचे एक रिकामे खोके दिसले. त्यावर उरलेला मोरपंखी रंग लावलेला होता, तो अजून ओला होता. आणि आत तीन डॉलर होते.