राखीव विजेचा पहारा

वीज गेली तरी दिवे जात नाहीत, या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ती सोय देणारी पेटी जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात कोणत्या अवस्थेत आहे याची चौकशी वर्षानुवर्षे कोणी करीत नाही. इ. स. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमन भोगले, आणि त्या काळात इन्व्हर्टर घरोघर शिरला. पुढे भारनियमन पुष्कळसे ओसरले. इन्व्हर्टर तेथेच राहिला. रोज वापरात असलेल्या वस्तूचा दोष रोज कळतो. सहा महिन्यांतून एकदा लागणाऱ्या वस्तूचा दोष नेमका त्या एका दिवशी कळतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईसारख्या शहराची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तो दिवस अशांपैकीच होता.

पंखा बंद पडला तर घाम येतो; तेवढ्यासाठी हा विषय मांडण्याचे कारण नव्हते. परंतु २०२१ नंतर आपल्या ओळखीच्या किती तरी घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. ज्या घरात एखाद्या वृद्ध माणसाच्या नाकाशी त्या यंत्राची नळी आहे, त्या घरात राखीव वीज किती मिनिटे पुरेल हा प्रश्न सोयीचा नाही, श्वासाचा आहे. या प्रश्नाचे खरे उत्तर घरातील संगणकाकडून कसे मिळवावे, आणि तो कोणते उत्तर मुळीच देऊ शकत नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम बॅटरीचा स्वभाव पाहू. इन्व्हर्टरची बॅटरी बहुधा शिसे आणि गंधकाम्ल यांची असते. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये केलेल्या घटाचीच ती वंशज. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून शांत पडली असेल तर सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. चार्जर चालू असताना तोच आकडा साडेतेराच्या वर जातो, आणि भार ओढता ओढता साडेदहाच्या जवळ आला की इन्व्हर्टर हात टेकतो. यावरून कोणी म्हणेल, व्होल्ट पाहिले की झाले! तसे होत नाही. जुन्या विहिरीत गाळ साचला की वरून पाणी काठोकाठ दिसते. पण पंप लावला की अर्ध्या तासात फेस येतो. बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट कडक होऊन बसते, आतील द्रव्य झडते, पाणी आटते, आणि भरलेली दिसणारी बॅटरी आतून उथळ होते. चार्जरवरचा हिरवा दिवा पाण्याची पातळी सांगतो, विहिरीची खोली सांगत नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या बॅटरीत हा गाळ लवकर साचतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातील ठोकताळाच आहे.

आता हिशोब. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. मिनिटाला पाच लिटर देणारे कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३५० वॉट घेते, म्हणजे भागाकार पाच तासांच्या वर जातो. व्यवहारात तो तसा येत नाही. बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो. घाईने उपसली तर ती कमी देते. हा नियम पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. इन्व्हर्टर स्वतःही काही वीज खातो. नवी बॅटरी साडेतीन तास चालली तरी समाधान मानावे. जुनीने दीड तासात राम म्हटला तर नवल नाही.

येथवर सगळी जुनी विद्या झाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची स्वतंत्र खोली असे, आणि तेथील माणूस घटांतील आम्लाची घनता व व्होल्ट पाहून वहीत टिपून ठेवी. ती वही आणि तो माणूस यांची जागा आता घरगुती आज्ञावली घेऊ शकते. ‘होम असिस्टंट’ ही त्यांतील एक बहुप्रचलित आज्ञावली, पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली, सर्वांना मोफत खुली. पत्त्याच्या कॅटाएवढ्या ‘रास्पबेरी पाय’ या संगणकावरही ती चालते. घराला बुद्धी आली असे जाहिरातदार म्हणतात. वस्तुतः घराला वही आणि हाक मारणारा गळा मिळाला, एवढेच. पण तेवढेही थोडे नाही.

संगणकासाठी घेतलेल्या चांगल्या यूपीएसच्या पाठीमागे यूएसबीचे भोक असते. तेथून वायर लहान संगणकाला जोडावी. यूपीएसची बोली समजणारा दुभाषा म्हणजे ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, लाडके नाव ‘नट’. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे निरनिराळ्या बोली बोलतात, आणि नट ती सगळी एका भाषेत आणतो. त्या भाषेतील चार खुणा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ‘ओएल’ म्हणजे वीज तारेवरून येत आहे. ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर चालू आहे. ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली. ‘आरबी’ म्हणजे बॅटरी बदला. यांशिवाय भाराचा, भरणीचा आणि उरलेल्या वेळेचा आकडा मिळतो. होम असिस्टंट साधारण दर मिनिटाला नटकडे चौकशी करतो आणि उत्तर वहीत टिपतो.

आपल्याकडील अडचण अशी की, घरगुती इन्व्हर्टरांपैकी पुष्कळांना असे भोक नसते. तेथे बॅटरीच्या तारेत शंट नावाचा अत्यल्प रोधाचा तुकडा बसवून प्रवाह मोजावा लागतो, आणि व्होल्ट व प्रवाह दोन्ही वाचणारे ‘ईएसपी३२’सारखे छोटे यंत्र जोडावे लागते. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि बॅटरीच्या तारेला फ्यूज अवश्य घालावा. बॅटरीची शेकडो अँपिअर सोडण्याची ताकद पान्याचे टोक वितळवू शकते. वीज गेली एवढेच कळावयाचे असेल तर मात्र सोपी युक्ती आहे: इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगमध्ये एक स्मार्ट प्लग लावून ठेवावा. तो बोलेनासा झाला की वीज गेली असे समजावे.

या सर्व सरंजामाचा हेतू वेळेवर हाक मिळणे हा आहे, आणि नेमके येथेच बहुतेक लोक घसरतात. ‘वीस टक्के उरले की कळव’ अशी आज्ञा ते लिहून ठेवतात. ही टक्केवारी स्वस्त यंत्रांत केवळ व्होल्टवरून काढलेली असते. ती शंभरावरून साठावर उडी मारते आणि साठावरून थेट शून्यावर. आज्ञा माणसाच्या बाजूने मोजत यावे. मुलगा कचेरीतून घरी येण्यास चाळीस मिनिटे, सिलिंडरला रेग्युलेटर लावण्यास दहा, आणि आकड्यांवर पूर्ण भरवसा नाही म्हणून तेवढीच सूट. म्हणजे शंभर मिनिटे उरली असतानाच हाक आली पाहिजे. ज्या घरातील बॅटरी मुळात दीड तासच टिकते, त्या घरात पहिली हाक वीज जाताच यावयास हवी. फक्त अर्ध्या मिनिटाची वाट पाहण्यास सांगावे, नाही तर वाऱ्याने दिवे लुकलुकले तरी फोन वाजेल आणि चौथ्या दिवसापासून त्याकडे कोणी बघणार नाही.

दुसरी घसरण पहारेकऱ्याच्या स्वतःच्या पोटाची. तो लहान संगणक आणि राउटर हे दोघे मिळून जेमतेम पंधरा-वीस वॉट घेतात. त्यांना स्वतंत्र छोटा यूपीएस द्यावा. कित्येक ठिकाणी राउटर साध्या प्लगवर असतो आणि वीज जाताच प्रथम तोच डोळे मिटतो. इमारतीतील फायबरच्या पेटीला बॅटरी नसली तर इंटरनेटही त्याच क्षणी संपते. म्हणून घरातच कर्कश वाजणारा भोंगा या आज्ञेला जोडावा. त्याला बाहेरच्या जगाची गरज नाही. आणि दूरच्या नातलगाच्या घरी उलटी योजना करावी: इकडून दर पाच मिनिटांनी ‘मी आहे’ असा निरोप जावा, तो थांबला की तिकडे गजर व्हावा. गुरख्याची काठी रात्री वाजत राहिली तर आपण झोपतो. ती थांबली की जाग येते, त्यातलाच हा प्रकार.

राहिली विहिरीची खोली. ती उपसूनच कळते. दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवावा. रुग्णाचे यंत्र साध्या विजेच्या प्लगवर ठेवावे आणि त्याच्याइतक्याच वॉटचे बल्ब इन्व्हर्टरवर लावावेत. सिलिंडर हाताशी असावा. मग इन्व्हर्टरच्या प्लगचे बटण बंद करावे. प्लग उपसून काढू नये, कारण त्याबरोबर अर्थिंगही तुटते. पंधराव्या मिनिटाचे, तिसाव्या मिनिटाचे आणि तासाचे व्होल्ट होम असिस्टंट टिपून घेईल. भार तोच असताना जानेवारीतील आकडा एप्रिलमध्ये खाली आला, की गाळ किती वाढला ते कळले. सहा महिने बरी वाटणारी बॅटरी एका उन्हाळ्यात ढासळते, आणि ते आधी दिसते ते या तुलनेत. मात्र होम असिस्टंट आपली बारीक नोंद मुळात दहाच दिवस ठेवतो. पुढे तासातासाची सरासरी आणि तिचे उच्चनीच तेवढे उरतात. तेव्हा चाचणीचे तीन आकडे काढून वेगळे लिहिले पाहिजेत. माझ्या मते त्यासाठी उत्तम जागा म्हणजे खुद्द बॅटरीची बाजू: खरेदीचा महिना, खाली चाचणीच्या तारखा, आणि प्रत्येकीपुढे तासाचा व्होल्ट. डिस्टिल्ड वॉटर घालावयास वाकणाऱ्याला ते आपोआप दिसते.